ॲप बॅकग्राउंडला टाकणं वेगळं आणि सर्व्हिस म्हणून चालवणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, आमच्या तालुक्यातल्या दोन दूध संकलन केंद्रांसाठी मी स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) ॲप लिहिलंय. उबुंटू 22.04 चा 2 जीबी रॅमवाला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) आहे, मायएसक्यूएल डेटाबेस पण त्यावरच. विंडोजवरून पुट्टीने सर्व्हरला जोडून जार, म्हणजे ॲपची फाईल, चालू करतो, पुट्टी बंद केली की ॲप बंद. नोहप कमांड लावलं तर चालतं, पण दोन-तीन आठवड्यांनी आपोआप मरतं, आणि सर्व्हर रीबूट झाला की परत हातानेच चालू करावं लागतं. एक मित्र म्हणतो टीमक्स वापर (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल सर्व्हरवर चालू ठेवणारं टूल), दुसरा म्हणतो डॉकर (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं). काय करू?"

आधी हे लक्षात घे की तुझे प्रॉब्लेम तीन आहेत आणि तू त्यांना एकच समजतोयस. पुट्टी बंद केल्यावर ॲप बंद पडणं हा एक, दोन-तीन आठवड्यांनी मरणं हा दुसरा, आणि रीबूटनंतर न उठणं हा तिसरा. नोहप फक्त पहिल्यावर औषध आहे. टीमक्स पण फक्त पहिल्यावरच. म्हणून तू इतके दिवस फिरून फिरून तिथेच येतोयस.

पहिलं का होतं ते समजून घे, पुढचं सगळं सोपं जाईल. पुट्टीतून लॉगिन केलं की तुझ्यासाठी एक शेल (तुझ्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतो आणि तू जे चालवतोस ते त्या शेलचं पोर असतं. खिडकी बंद केली, नेट गेलं, लॅपटॉप झोपला, काही पण झालं की त्या टर्मिनलशी बांधलेल्या प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रॅमना, हँगअप नावाचा सिग्नल जातो, सिगहप म्हणतात त्याला. हे नाव मोडेमच्या काळातलं आहे, टेलिफोन लाइनवरून मोठ्या मशिनला जोडायचे आणि पलीकडच्याने फोन ठेवला की हँगअप. तो सिग्नल आला की प्रोसेसने मरायचं हा डिफॉल्ट नियम. नोहप म्हणजे नो हँगअप, एवढाच त्याचा अर्थ आणि एवढंच त्याचं काम, की हा सिग्नल आला तर दुर्लक्ष कर आणि आऊटपुट नोहप.आऊट फाईलमध्ये टाक. ॲप मेलं तर परत उठवायचं का, सर्व्हर चालू झाल्यावर सुरू करायचं का, मायएसक्यूएलच्या आधी का नंतर, यातलं काहीच त्याला माहीत नाही आणि ते त्याचं कामच नाही.

आपण "बॅकग्राउंडला टाकलं" म्हणतो तेव्हा डोक्यात असतं की आता ते आपलं आपलं चालेल. पण पीक उभं केलं म्हणजे राखण झाली असं होत नाही ना. मागे कोणीतरी राखणीला लागतं. लिनक्समध्ये ती राखण करणारी प्रोसेस कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) सगळ्यात आधी सुरू करतो, तिचा नंबर 1 असतो आणि सर्व्हर चालू आहे तोपर्यंत ती कायम असते. उबुंटूवर ती आहे सिस्टमडी. 2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7 मध्ये 2014 ला आला, डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 मध्ये 2015 ला. त्याआधी इनिट.डी मध्ये शंभर-शंभर ओळींच्या शेल स्क्रिप्ट लिहाव्या लागायच्या, त्यात पीआयडी फाईल (प्रोसेसचा नंबर लिहिलेली) सांभाळा, जुनी पीआयडी फाईल राहून गेली तर ॲप "चालू आहे" असं खोटं सांगायचं, फार वैताग होता. आता तेच काम पंधरा ओळींत होतं आणि जास्त भरवशाने होतं. सर्व्हरवर ते आधीच बसवलेलं आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतोय त्याचं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मार्केट यार्डातल्या एका अडत्यांसाठी बिलिंगचं ॲप मी स्क्रीन नावाच्या, टीमक्ससारख्याच टूलमध्ये चालू ठेवलं होतं. वर्षभर काही झालं नाही म्हणून मी पण निर्धास्त. एका रविवारी रात्री होस्टिंगवाल्यांनी मेंटेनन्ससाठी सर्व्हर रीबूट केला, आणि मी कोकणात गावी, रेंज नाही. सोमवारी पहाटे माल उतरायला लागला आणि ॲप बंद. अकरा वाजेपर्यंत हिशोबनीसाने पावत्या हाताने लिहिल्या, मागे शेतकऱ्यांची रांग, आणि नंतर दोन दिवस त्या पावत्या आणि सिस्टममधले आकडे जुळवण्यात गेले. ॲपच्या कोडमध्ये एक पण चूक नव्हती. तुझ्याकडे तर रोज सकाळ-संध्याकाळ दूध येतं, आणि दूध थांबत नाही. पहाटे साडेपाचला कॅन घेऊन माणूस उभा असताना तू झोपलेला असणार, म्हणून तुझ्यावर अवलंबून नसलेली व्यवस्थाच पाहिजे.

आता कामाला लागू. मी खाली सगळं देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर तू अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करशील.

ॲप कसं चालवायचं ते सिस्टमडीला एका फाईलमध्ये लिहून द्यायचं, तिला युनिट फाईल म्हणतात. ती लिहायच्या आधी दोन गोष्टी. एक, ॲपसाठी वेगळा यूजर बनव, सिस्टम यूजर, ज्याला लॉगिन शेलच नाही (यूजरॲड कमांडला सिस्टमचा पर्याय दे आणि शेल म्हणून नोलॉगिन दे). नाव समज "दूध". जार फाईल तुझ्या होम फोल्डरमधून काढून /ऑप्ट/दूध मध्ये ठेव. तू आत्ता रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालवत असशील असा माझा अंदाज आहे, कारण व्हीपीएसवर बहुतेक सगळे तसंच सुरू करतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे नावाच्या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत भोक सापडलं, लॉगफोरशेल म्हणतात त्याला, एक विशिष्ट मजकूर लॉगमध्ये गेला की बाहेरचा माणूस तुझ्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकायचा. ज्यांचं ॲप रूट म्हणून चालत होतं त्यांचा अख्खा सर्व्हर उघडा पडला, ज्यांचं साध्या यूजरखाली होतं त्यांच्याकडे निदान घुसणाऱ्याचे हात त्या यूजरपुरते बांधलेले होते. आपल्या ॲपमध्ये उद्या कुठल्या लायब्ररीत काय निघेल कोणाला माहीत, म्हणून वेगळा यूजर.

दुसरी गोष्ट, पासवर्ड. डेटाबेसचा पासवर्ड जारच्या आत किंवा कमांडवर लिहू नको, कमांडवर लिहिलं तर पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) केल्यावर सर्व्हरवरच्या कोणालाही दिसतं. /ईटीसी/दूध/दूध.एन्व अशी फाईल बनव, त्यात एका ओळीला एक व्हेरिएबल, मालक रूट, परमिशन 600 (म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल). यात छान गोष्ट अशी की ही फाईल सिस्टमडी स्वतः रूट म्हणून वाचतं आणि मग यूजर बदलून ॲप सुरू करतं, त्यामुळे दूध यूजरला ती फाईल वाचायची परवानगी पण द्यावी लागत नाही. आणि पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर तो युनिट फाईलमध्ये थेट लिहू नकोसच, तिथे % ला खास अर्थ आहे, दोनदा लिहावं लागतं, आणि ते लक्षात न आल्यामुळे "पासवर्ड बरोबर आहे तरी लॉगिन होत नाही" करत लोक तास तास बसतात. वेगळ्या फाईलमध्ये तो त्रास नाही.

आता युनिट फाईल. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ या फोल्डरमध्ये दूध.सर्व्हिस नावाने बनव:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=दूध संकलन ॲप
वाँट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट मायएसक्यूएल.सर्व्हिस
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट मायएसक्यूएल.सर्व्हिस
स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=0

[सर्व्हिस]
यूजर=दूध
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/दूध
एन्व्हायरन्मेंटफाईल=/ईटीसी/दूध/दूध.एन्व
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/जावा -एक्सएमएक्स384एम -एक्सएक्स:+एक्झिटऑनआऊटऑफमेमरीएरर -जार /ऑप्ट/दूध/दूध.जार
सक्सेसएक्झिटस्टेटस=143
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=15

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

एवढंच. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कोणीतरी ठेच लागल्यावर लिहिलेली आहे, म्हणून नुसतं कॉपी पेस्ट करू नको, पुढचं वाच.

एक्झेकस्टार्टमध्ये जावाचा पूर्ण पाथ दिलाय, आणि तो तसाच दे. ही ओळ शेल चालवत नाही. म्हणजे पाइप चालणार नाही, > या चिन्हाने फाईलमध्ये आऊटपुट वळवणं चालणार नाही, होम फोल्डरचं ~ चालणार नाही, आणि तुझी .बॅशआरसी (लॉगिन केल्यावर शेल वाचतो ती सेटिंगची फाईल) कोणी वाचणार नाही. "माझ्या हाताने चालतं पण सर्व्हिसमधून चालत नाही" या तक्रारीत मी जेवढं बघितलंय त्यात निम्म्यावर वेळा कारण हेच असतं, जावा होम नाहीतर पाथ .बॅशआरसीमध्ये लिहिलेला असतो आणि सिस्टमडीला त्याचा पत्ताच नसतो. नोडवाल्यांना तर हे हमखास होतं, कारण एनव्हीएमने (नोडची आवृत्ती सांभाळणारं टूल) टाकलेलं नोड होम फोल्डरच्या आत खोल कुठेतरी असतं.

आणि इथे नोहप लावू नको, शेवटी & (बॅकग्राउंडला टाकायचं चिन्ह) पण लावू नको. बरेच जण जुनी स्टार्ट.एसएच स्क्रिप्ट, जिच्यात नोहप आणि & दोन्ही आहेत, तीच एक्झेकस्टार्टमध्ये देतात. मग काय होतं, स्क्रिप्ट जावाला मागे टाकून लगेच संपते, सिस्टमडीला वाटतं मुख्य प्रोसेस संपली म्हणजे सर्व्हिस संपली, आणि ते त्या सर्व्हिसच्या गटात जे काही उरलंय ते सगळं साफ करतं, जावासकट. बाहेरून दिसतं की ॲप सुरू होऊन सेकंदात मरतंय. सिस्टमडीच्या हातात प्रोसेस समोर चालू असलेलीच द्यायची, मागे न्यायचं काम त्याचं.

वाँट्स आणि आफ्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आफ्टर म्हणजे नुसता क्रम, दोन्ही सुरू होणार असतील तर आधी कोण. वाँट्स म्हणजे मला हे पण लागतं, ते सुरू करा. नुसतं वाँट्स लिहिलं तर दोन्ही एकदमच सुटतात. रिक्वायर्स नावाचा कडक प्रकार पण आहे, पण तो मी मुद्दाम घेतला नाही. रिक्वायर्स लिहिलंस आणि कोणी मायएसक्यूएल स्टॉप केलं तर तुझं ॲप पण थांबतं, इथपर्यंत ठीक, पण नंतर मायएसक्यूएल परत स्टार्ट केलं तरी तुझं ॲप आपोआप परत येत नाही. रात्री मायएसक्यूएलचं काही काम करून कोणी झोपायला गेलं तर सकाळी ॲप बंद आणि कारण कोणालाच कळत नाही. डेटाबेस मधे गेला तर ॲपमधला कनेक्शन पूल (डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारा भाग) परत जोडून घेतो, त्यामुळे वाँट्स पुरे.

आता रीस्टार्टचं. बऱ्याच ठिकाणी तुला ऑन-फेल्युअर लिहिलेलं दिसेल, म्हणजे बिघडून मेलं तरच उठव. जावाच्या बाबतीत इथे एक गोची आहे. जावाला टर्म सिग्नल दिला, म्हणजे नीट बंद हो असं सांगितलं, की ते आवरून 143 हा कोड देऊन बाहेर पडतं, 128 अधिक टर्मचा 15. सिस्टमडीला शून्य सोडून दुसरा कोड म्हणजे बिघाड वाटतो, म्हणून तू स्वतः स्टॉप केलंस तरी स्टेटसला लाल रंगात फेल्ड दिसतं, म्हणून आपण 143 ला सक्सेस म्हटलं. पण ते म्हटल्यावर ऑन-फेल्युअर ठेवलं, आणि कोणी चुकून साधी किल कमांड दिली, तर सिस्टमडी म्हणेल नीट संपलं, उठवायचं कारण नाही. तुझं ॲप स्वतःहून संपावं अशी वेळच यायला नको, म्हणून ऑलवेज. घाबरू नको, तू सिस्टमसीटीएल (सिस्टमडीला हुकूम द्यायची कमांड) स्टॉप केलंस तर ऑलवेज असलं तरी ते परत उठत नाही.

स्टार्टलिमिटवर थोडा वाद होऊ शकतो, माझं मत सांगतो. डिफॉल्ट असं आहे की 10 सेकंदांत 5 वेळा सुरू व्हायचा प्रयत्न फसला की सिस्टमडी हात टेकतं आणि सर्व्हिस फेल्ड ठेवून देतं. आणि रीस्टार्टसेक न लिहिता सोडलं तर दोन प्रयत्नांमध्ये फक्त 100 मिलिसेकंद असतात, म्हणजे पटकन मरणारं ॲप असेल तर हे पाच प्रयत्न बघता बघता संपतात. मोठ्या कंपनीत, जिथे रात्री कोणीतरी जागं आहे आणि अलार्म वाजतो, तिथे मर्यादा ठेवणं बरोबर आहे, कारण बिघडलेली गोष्ट सारखी आपटत राहू नये. तुझ्याकडे रात्री कोणी नाही. समज डेटाबेस पाच मिनिटं अडकला, मर्यादा संपली, नंतर डेटाबेस सुरळीत झाला तरी तुझं ॲप झोपलेलंच राहील. म्हणून मर्यादा शून्य करून काढून टाकली आणि दर प्रयत्नात 15 सेकंदांचं अंतर ठेवलं, म्हणजे सीपीयू पण जळत नाही आणि परिस्थिती सुधारली की ॲप स्वतःच उभं राहतं.

फाईल सेव्ह केली की सुडो लावून सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ दूध. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, इनेबल म्हणजे सर्व्हर चालू होताना चालू कर, दोन्ही वेगळे आहेत, आणि तिसरा प्रॉब्लेम हा फक्त इनेबलने सुटतो. पुढे कधी युनिट फाईल बदललीस तर डेमन-रीलोड परत करायचं, नाहीतर जुनीच फाईल डोक्यात धरून चालतं. नुसती जार बदललीस तर त्याची गरज नाही, रीस्टार्ट पुरे.

आता तुझा दुसरा प्रॉब्लेम, दोन-तीन आठवड्यांनी मरणं. सर्व्हिस केल्यावर तो दिसेनासा होईल आणि ते धोक्याचं आहे, कारण सिस्टमडी उठवत राहील आणि आतलं दुखणं तसंच राहील. माझा दाट संशय मेमरीवर आहे. 2 जीबीच्या मशिनवर मायएसक्यूएल 8 नुसतं बसून पण तीन-चारशे एमबी खातं. जावाला तू काही सांगितलं नाहीस तर हीपची (ॲपचा डेटा ठेवायच्या मेमरीची) कमाल मर्यादा रॅमच्या पाव भाग धरतं, म्हणजे साधारण 512 एमबी, पण हीप म्हणजे अख्खं जावा नव्हे, क्लासेसची मेटास्पेस वेगळी, प्रत्येक थ्रेडचा (ॲपमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाचा) स्टॅक वेगळा, 64 बिट लिनक्सवर तो डिफॉल्ट 1 एमबी पर्यंत, शिवाय नेटिव्ह बफर. त्यात रात्री बॅकअपची डम्प स्क्रिप्ट चालली, अपडेट आले, की रॅम संपते. मग कर्नलचा ओओएम किलर (आऊट ऑफ मेमरी झालं की प्रोसेस मारून जागा करणारा) जागा होतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतो. जावाला शेवटचा शब्द लिहायची पण संधी मिळत नाही, म्हणून तुझ्या नोहप.आऊटमध्ये शेवटी काहीच एरर दिसत नसणार, लॉग मधेच तुटलेला असणार. बघ बरं तसंच आहे का.

खात्री करायला जर्नलसीटीएल -के (कर्नलचे लॉग दाखवणारी कमांड) चालव आणि त्यात "आऊट ऑफ मेमरी" शोध, मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि नंबर तिथे लिहिलेला असतो. लक्षात ठेव, -के फक्त या बूटपासूनचं दाखवतं, मधे सर्व्हर रीबूट झाला असेल तर -बी -1 पण जोड म्हणजे आधीच्या बूटचं दिसेल. तसंच निघालं तर हीप 384 एमबीवर थांबवणारा वरचा -एक्सएमएक्स384एम पर्याय आहेच, दोन केंद्रांच्या ॲपला तेवढी हीप सहसा पुरते, शिवाय 1 जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेव, स्वस्त व्हीपीएसवर बऱ्याचदा स्वॅप शून्य असते. वाटल्यास फ्री -एम चालवून बघ.

याच्या उलटं पण होऊ शकतं, हीपच कमी पडते आणि जावा स्वतः आऊटऑफमेमरीएरर देतं. हे जास्त वाईट, कारण प्रोसेस जिवंत राहते, एखादा थ्रेड मेलेला, ॲप रिक्वेस्ट घेतं आणि उत्तर देत नाही. सिस्टमडीला मेलेलं कळतं, आजारी कळत नाही. म्हणून तो लांबलचक एक्झिटऑनआऊटऑफमेमरीएरर पर्याय लावलाय, असं झालं तर सरळ बाहेर पड, उठवणारा बसलेला आहे.

लॉग आता नोहप.आऊटमध्ये जाणार नाहीत, जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, जातील. जर्नलसीटीएल -यू दूध -एफ केलं की चालू लॉग दिसतो, --सिन्स देऊन "आज पहाटे पाच पासून" असं पण मागता येतं. जर्नल डिस्कच्या 10 टक्क्यांपर्यंतच वाढतो आणि फार तर 4 जीबी, मग जुनं स्वतःच काढून टाकतो, म्हणजे नोहप.आऊटने डिस्क भरायची भीती गेली. ती जुनी फाईल किती जीबीची झालीय ते बघून डिलीट कर.

लॉगचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो, सर्व्हरचा टाइमझोन काय आहे? बहुतेक व्हीपीएस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) येतात आणि जावा तोच उचलतं. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणजे पाच-वीसला घातलेल्या दुधाची नोंद आदल्या तारखेला आणि पाच-चाळीसच्या दुधाची आजच्या तारखेला पडू शकते, तुझ्या कोडमध्ये लोकलडेट.नाऊ (सर्व्हरच्या घड्याळाने आजची तारीख) असेल तर नक्कीच. आत्तापर्यंत कोणी दहा दिवसांच्या बिलात फरक निघाला म्हणून भांडलं असेल तर कारण इथे शोध. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता कर आणि ॲप रीस्टार्ट कर, चालू प्रोसेसला बदल कळत नाही. शक्य असेल तर कोडमध्ये पण झोन स्पष्ट लिही, सर्व्हरच्या भरवशावर तारीख सोडू नको.

सुरू झालं नाही तर सिस्टमसीटीएल स्टेटस दूध बघायचं, तिथे एक नंबर दिसतो तो बरंच सांगतो. 203 म्हणजे एक्झेकस्टार्टमधली फाईल चालवताच आली नाही, पाथ चुकला किंवा परमिशन नाही. 200 म्हणजे वर्किंग डिरेक्टरीच नाही किंवा तिथे जाता येत नाही. 217 म्हणजे तो यूजर नाही. साधा 1 आला तर सिस्टमडीने त्याचं काम केलं, आता ॲपचा लॉग वाच. तू विंडोजवर काम करतोस म्हणून अजून एक, एखादी शेल स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहून अपलोड केलीस तर ओळीच्या शेवटी विंडोजचं अदृश्य कॅरेक्टर येतं आणि पहिली ओळ बिघडून तोच 203 मिळतो, फाईल डोळ्यांना अगदी बरोबर दिसते. सर्व्हरवरच नॅनो एडिटरमध्ये लिही नाहीतर ते कॅरेक्टर काढणारी डॉसटूयुनिक्स कमांड चालव.

बंद करण्याबद्दल. किल -9 ची (आवरायची संधी न देता मारायची) सवय असेल तर आजपासून सोड. सिस्टमसीटीएल स्टॉप आधी टर्म पाठवतं, डिफॉल्ट 90 सेकंद थांबतं आणि मगच जबरदस्तीने मारतं. स्प्रिंग बूट 2.3 पासून सर्व्हर.शटडाऊन=ग्रेसफुल ही सेटिंग आहे, ती लावलीस तर हातातल्या रिक्वेस्ट पूर्ण करून मग बंद होतं, म्हणजे कोणाच्या फॅटची एन्ट्री सेव्ह होता होता तुटत नाही. तरी नवीन जार टाकायची ती दुपारीच, सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाच्या मधे.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल: टीमक्स चांगलं आहे, मी रोज वापरतो, लांब चालणारं एखादं डेटाबेसचं काम करताना नेट तुटलं तरी काम तुटू नये म्हणून. ॲप त्यात ठेवायचं नाही. डॉकर चुकीचं नाही, पण एक जार, एक सर्व्हर, 2 जीबी रॅम आणि तू एकटा, यात डॉकरने अजून एक थर शिकायला लागेल आणि शेवटी डॉकरला पण सर्व्हर बूट होताना सिस्टमडीच उठवतं. उद्या वीस केंद्रं झाली आणि दोन-तीन ॲप झाले तर जरूर बघ. आणि 8080 पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा असेल तर पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन ॲपकडे देणारा वेब सर्व्हर) लाव, एचटीटीपीएस पण तिथेच होईल, 443 पोर्टसाठी ॲपला रूट करायची गरज उरणार नाही.

सगळं झालं की खरी परीक्षा घे. दुपारी दोन-तीनच्या सुमारास आधी जावाच्या प्रोसेसला मुद्दाम किल -9 दे (सोड म्हटलं तरी या एका कामासाठी चालेल) आणि 15 सेकंदांनी उठतं का बघ. मग सुडो रीबूट कर आणि पुट्टी उघडू नको, मोबाइलवर ॲपचं पान उघडून बघ. पुट्टीला हात न लावता पान आलं म्हणजे झालं. हे करायला जीव वर-खाली होतो, मला अजून होतो, पण हीच परीक्षा पहाटे साडेपाचला होस्टिंगवाल्याने घेण्यापेक्षा दुपारी आपण घेतलेली बरी. शिवाय बाहेरून दर पाच मिनिटांनी पान उघडतंय का तपासणारी एखादी फुकट अपटाइम सेवा लाव आणि तिचा मेसेज तुझ्या फोनवर येऊ दे, कारण सर्व्हरच बंद पडला तर आतली सगळी राखण पण त्याच्यासोबतच बंद.

अडलं तर सिस्टमसीटीएल कॅट दूध, सिस्टमसीटीएल स्टेटस दूध आणि जर्नलसीटीएल -यू दूध -एन 50 या तिघांचं आऊटपुट पाठव, पासवर्ड आणि शेतकऱ्यांची नावं-नंबर काढून. आणि त्या "आऊट ऑफ मेमरी" च्या शोधात काय निघालं ते नक्की कळव, तिथे काहीच नाही निघालं तर माझा अंदाज चुकलाय आणि आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.